गव्हर्नरसाहेबांचा शर्ट

आर्मेनियातल्या गोरिसला मिनीबसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. सीमेवरच्या गावातली थोरली झारुही सांगत होती, शहरातली धाकटी ऐकत होती.

"वरदावारच्या सणाला गव्हर्नर आला आमच्याकडे. कागद काढून वाचायला लागला, गाव सुरक्षित आहे, काळजीचं कारण नाही."

"मग?"

"मग काय, मी अख्खी बादली ओतली त्याच्या डोक्यावर."

"अगं बाई. गव्हर्नरवर?"

"सणाचं पाणी ते. त्या दिवशी कुणी कुणावर ओतलं तरी रागवायचं नसतं. तोही हसला बिचारा."

"आणि कागद?"

"कागदाचा लगदा झाला. त्याला घरात नेलं, ह्यांचा जुना सदरा दिला, जर्दाळू पुढे ठेवले. त्याचा ओला शर्ट घेऊन परसात निघाले, तर म्हणतो, मावशी, तिथे वाळत घालू नका. समोरच्या टेकडीवर अझरबैजान्यांची चौकी आहे, नेम धरून बसलेले असतात."

"तू काय म्हणालीस, ताई?"

"म्हटलं, बाळा, तीन वर्षं मी तिथेच कपडे वाळत घालतेय."

"मग?"

"तोंडाकडे नेलेला जर्दाळू हातातच राहिला. सोमवारी परसात आडोशाची भिंत बांधायला त्याची माणसं आली. कमरेएवढी झालीये."

"बरं झालं बाई. शर्ट नेला का त्याने?"

"माणूस पाठवला होता न्यायला. म्हटलं, परसात दोरीवर आहे. भिंत डोक्याएवढी झाली की साहेबांनी स्वतः येऊन काढून न्यावा."