घड्याळाची साक्ष

स्मार्टवॉच घेऊ नका म्हणतो, ते उगाच नाही. आमच्या चिरंजीवांनी वाघोलीहून मला एक पाठवलं. मी इथे बिबवेवाडीत किती चाललो, ते त्याला तिकडे मोबाईलवर दिसतं. तेव्हापासून त्याचे फोन यायचेच बंद झाले.

परवा माझा पाय मुरगळला. पोराला उगाच काळजी नको, म्हणून बायको ते घड्याळ स्वतः घालून भाजीला गेली. लगेच त्याचा मेसेज, "शाब्बास बाबा!"

संध्याकाळी पाय सुजला, तेव्हा मीच फोन केला. "अरे, पाऊल टेकवत नाही. डॉक्टरकडे न्यायला येतोस का?"

"काहीतरीच काय बाबा! सकाळी केवढे फिरलात, दिसतंय ना मला इथे." आणि ठेवला फोन.

बायकोनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "घ्या. आता यालाच सांगा न्यायला."