चुरम्याच्या पंधरा बाटल्या

न्हाई, रामहरीभावजी, मी हसणार न्हाई. ठेवा ते खोकं खाली — तिथं न्हाई, देवासमोर न्हाई. यांनी तुमाला पुढं धाडलं अन् स्वतः कोपऱ्यावर थांबले, असंच ना? पंधरा बाटल्या — बुचं लावलेल्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ‘नमुना पहिला, चुरमा. शुद्धता शंभर टक्के. पाप आढळले नाही. पुण्य यंत्राच्या आवाक्याबाहेर.’ अक्षर तुमचंच. कळतंय मला, साखर कारखान्याच्या केमिस्टची बायको हाय मी — चहा प्यायच्या आधी तुमी लॅबवाले त्याचा ब्रिक्स काढता, गोडी किती उतरली ते, लग्नातल्या जिलबीचा पाक यंत्राखाली धरता, आमच्याकडं वरण पातळ झालं की हे म्हणतेत, आज मिलवर पाणी जास्त सोडलं वाटतं — हसलेच की मी आजवर. पण हा सोळा सोमवारचा प्रसाद हो. हंगाम सुरू झाल्यापासून दर सोमवारी उपाशी राहून केलेला — तीन वाटे, एक देवाचा, एक घरचा, एक बाहेर वाटायचा, तो तुमच्या लॅबला. शिळा ठेवायचा नसतो तो, त्याच दिवशी कुणाच्या तरी पोटात जायला पाहिजे. अन् तुमी काय केलं? चिमूटभर तपासला, बाकीचा बाटलीत बंद — उसाच्या रसाचा नमुना राखून ठेवता तसा. हे रिकामा डबा आणून सांगायचे, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. मला खरं वाटायचं. पंधरा सोमवार.

मोडलं ना व्रत. माझ्यासाठी असतं तर गिळलं असतं मी — कुणासाठी होतं, ते कशाला विचारता? पहिला घास रामहरीभावजीला द्या, अर्धा त्यांच्या दिपालीसाठी घरी धाडा, असा निरोप असायचा दर सोमवारी — तोपण बाटलीत घातला का? माझी दोन शाळेत जातेत, मला काय कमी हाय. दिवाळीच्या आधी तुमी मशिनरी आणायला पुण्याला गेलते, तवा दिपालीचं तिसऱ्यांदा पडलं — दवाखान्यात तिच्या उशाशी मीच होते — तुमाला सांगितलंच असंल की तिनं — भावजी?

न्हाई सांगितलं?

मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय.

बसू नका आता. हा घ्या, आजचा, सोळावा — घरी जाऊन दोघं खा. मी बोलले म्हणू नका तिला. ते खोकं राहू द्या हितंच, उद्या नदीवर नेते — माशांच्या तरी पोटात जाईल. निघा.