खुशी उईके हिच्या नोंदीतून काढलेल्या रेघेबाबत

नाव रीता इंद्रकुमार टेंभरे, वय २७ वर्षे, धंदा खासगी नोकरी (संगणक), राहणार कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया.

मी आज स्वतःहून ठाण्यात आले आहे. खुशी दुधराम उईके, वय १९, राहणार सौंदडजवळील टोला (वस्ती), ही परवापासून घरी परतलेली नाही. तिच्या वडिलांच्या तक्रारीसंबंधी मला जे माहीत आहे ते समक्ष सांगते की,

मी गोंदियातील एका खासगी रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या सिकलसेल शिबिरांच्या नोंदी वेगवेगळ्या फायलींत होत्या. त्या ग्राफ डेटाबेसमध्ये जोडण्याचा प्रोग्राम मी लिहिला. त्यात प्रत्येक माणूस आणि प्रत्येक नमुना हा एक ठिपका असतो, आणि नाते म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. नाती शिबिराच्या फॉर्मवरून घेतली. फॉर्मवर आई आणि वडील एवढेच रकाने आहेत.

सिकलसेलच्या रुग्णाला हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. म्हणून मी एक नियम लिहिला. मूल रुग्ण असून पालकांपैकी कोणी पूर्ण निर्दोष निघाले, तर नमुन्यांची अदलाबदल झाली असे समजायचे, त्या पालकाची रेघ काढून टाकायची आणि फेरतपासणीचा मेसेज पाठवायचा. दुसरे कारण असू शकते, हे मी धरले नव्हते.

खुशी लहानपणापासून रुग्ण आहे. आईवडिलांची तपासणी यंदाच झाली. आई गीताबाई वाहक, म्हणजे अंगात दोष असून स्वतः आजारी नसलेल्या, निघाल्या, वडील दुधराम निर्दोष. मेसेज आपोआप गेला: 'वडिलांचा नमुना जुळत नाही. फेरतपासणीस यावे.' शब्द माझे आहेत.

टोल्यावर रेंज फक्त कैलाश यांच्या किराणा दुकानापाशी मिळते. त्यामुळे बहुतेकांनी फॉर्मवर त्यांचाच मोबाइल नंबर दिला होता. आलेले मेसेज ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवतात. पुढचे मला आमचे नमुने गोळा करणारे भूपेंद्र यांनी सांगितले. ते तेव्हा दुकानात होते.

कैलाश म्हणाले, "दुधराम, तुमचाच नमुना जुडत नाही म्हंते गा."

बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मशीनले कायले पाठवता? घरवालीले विचार ना."

लोक हसले. दुधराम तेल न घेताच गेले. खुशी दुकानाबाहेर सायकल धरून उभी होती.

भूपेंद्र मला म्हणाले, "मॅडम, लिखते वक्त जरा सोचना था. तिथं आता गीताबाईले पानी भरू देऊन नाही राहिले." मी त्यांना निकाल बरोबर असल्याचे सांगितले. फेरतपासणीतही तोच निकाल आला. रेघ निघालेलीच राहिली.

त्यानंतर परवा सकाळी गीताबाई एकट्या प्रयोगशाळेत आल्या. खुशी ही त्यांची बहीण चमेली हिची मुलगी आहे. गीताबाईंना मूल नव्हते, म्हणून बहिणीने जन्मताच ती त्यांच्या ओटीत दिली. दुधराम यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. खुशीला नाही.

त्या म्हणाल्या, "लोक मले बोलून राहिले त बोलू दे. पोरीले सांगू नोको. फक्त तिच्या बापाची रेघ परत लाव, बाई."

मी म्हणाले, "खोटी नोंद लावता येत नाही."

"खोटी कायची? दुखनं उठलं का तिले खांद्यावर टाकून दवाखान्यात कोन नेते?"

पालनपोषण करणाऱ्यासाठी वेगळ्या प्रकारची रेघ ठेवता येते. कोडच्या चार ओळी लागतात. मला ते त्याच वेळी सुचले होते. मी बोलले नाही, कारण फॉर्म बदलायला वरची परवानगी लागली असती.

त्या गेल्यावर मी त्यांचे म्हणणे नोंदींशी ताडून पाहिले. ते माझे काम नव्हते. चमेली आणि त्यांचे पती यांची तपासणी इटियाडोह धरणाकडच्या त्यांच्या गावी झालेली आहे. दोघेही वाहक आहेत. तो निकाल खुशीच्या ठिपक्याशेजारी स्क्रीनवर उघडाच राहिला.

त्याच दुपारी खुशी त्या मेसेजबद्दल विचारायला आली. तिचे गुडघे सुजलेले होते. मी तिला खुर्ची दिली आणि पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ती स्क्रीनकडे पाहत होती.

ती म्हणाली, "चमेली मावशी काऊन आहे इथं?"

मी म्हणाले, "तो चाचणीचा भाग आहे."

"अन् माह्या बाबाची रेघ?"

"ती काढून टाकली आहे."

तिने पाणी प्यायले, ग्लास टेबलावर ठेवला. "ठीक आहे, मॅडम," म्हणाली आणि गेली. तिच्यासोबत कोणी आहे का, गोळ्या जवळ आहेत का, हे मी विचारले नाही.

शोधासाठी गीताबाईंनी जे नातेवाईक सांगितले त्यांत बहीण नाही, असे मला आज हवालदारांकडून कळले. त्यांनी ते नाव का टाळले हे मला माहीत आहे. तरी खुशी चमेली यांच्याकडे गेली असावी असे मला वाटते. गाव आणि पत्ता मी वेगळा लिहून दिला आहे. तिथे जाताना दुखण्याच्या गोळ्या आणि भरपूर पाणी सोबत न्यावे. गीताबाईंनी सांगू नको म्हटले होते. मी हे सांगितले आहे, हे त्यांना अजून माहीत नाही.

माझा हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे टंकलिखित केला. गीताबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या असल्याने, तो माझ्या विनंतीवरून मोठ्याने वाचला गेला नाही. मी तो मनात वाचला. तो बरोबर आहे.