डॉक्टर जेवायला गेलेत

(केरळातलं कुरविलंगाड. घरामागची पडवी, दुपार. अम्मच्ची हाताला तेल लावून फणसाचे गरे काढते आहे. समोर तिची सून, म्हणजे मुलगा सिबीची बायको रेजिमोळ, आणि परदेशातून सुट्टीवर आलेली लेक जिस्ना, जी रेजिमोळला चेडत्ती म्हणजे वहिनी म्हणते. दोघी नर्स.)

जिस्ना : चुकलं.

रेजिमोळ : हेसुद्धा?

जिस्ना : हेसुद्धा. पुन्हा ऐक. ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. पेशंटला एकदम धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. नर्स आधी काय करील? तू म्हणतेस, डॉक्टरांना कळवील.

रेजिमोळ : मग कळवायला नको?

जिस्ना : कळव ना! पण आधी त्याला उठवून बसव, ऑक्सिजन लाव. तू फोनपाशी जाऊन डॉक्टर-डॉक्टर करेपर्यंत तो माणूस वर पोचेल.

अम्मच्ची : घरात बसून असलं अभद्र बोलू नये गं.

जिस्ना : अम्मच्ची, पुस्तकातला पेशंट आहे.

अम्मच्ची : पुस्तकातला असला तरी कुणाचा तरी मुलगा असेलच.

जिस्ना : बरं. पुढचा घे, चेडत्ती. सलाइन चालू आहे. सुई लावली तिथे हात सुजलाय, गार लागतोय. आधी काय?

रेजिमोळ : डॉक्टरांना...

जिस्ना : अगं!

रेजिमोळ : नाही, थांब. सलाइन बंद. आधी बंद करायचं.

जिस्ना : माझं तोंड बघून उत्तर बदललंस. परवा कोचीला परीक्षेत तो कॉम्प्युटर तोंड वाकडं करून दाखवणार नाही तुला.

रेजिमोळ : माहीत आहे मला.

जिस्ना : हे बघ, रागावू नकोस. तू वहिनी आहेस म्हणून गोड बोलून तुला पाठवून द्यायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मागच्या वेळी सगळे गोडच बोलले होते. आज संध्याकाळपर्यंत तारीख बदलता येते. बदलू या.

रेजिमोळ : पुढची तारीख पावसाळा संपल्यावरची. तोवर ती जागा राहील? तूच म्हणालीस, तिकडे तुमच्या हॉस्पिटलात चारच जणी घेणार आहेत.

जिस्ना : म्हणाले मी. पण दुसऱ्यांदा नापास झालीस, तर तू पुन्हा त्या परीक्षेचं नाव काढायची नाहीस. ओळखते मी तुला.

रेजिमोळ : तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी वॉर्डात उभी आहे, जिस्ना.

जिस्ना : तेच तर मला कळत नाही. औषधांचे डोस तुला तोंडपाठ. हृदयाचा आलेख तू माझ्याहून चांगला वाचतेस. अवघड प्रश्न फटाफट सोडवतेस आणि शेंबड्या पोराला येईल अशा प्रश्नावर घसरतेस.

अम्मच्ची : विचार की एखादा शेंबड्या पोराचा. मी पण बघते.

जिस्ना : हा घे. मधुमेहाचा पेशंट. शुद्धीवर आहे, गिळता येतंय, पण घामानं डबडबलाय. हात थरथरतायत, बोलताना अडखळतोय. साखर उतरलीय. आधी काय?

रेजिमोळ : डॉक्टरांना कळवून, मग त्यांनी सांगितलं की...

अम्मच्ची : काय? काय म्हणालीस?

रेजिमोळ : काही नाही, अम्मच्ची.

अम्मच्ची : काही नाही कसं? मागे चर्चमधून आल्यावर मला असंच झालं होतं, तेव्हा कुठल्या डॉक्टरला फोन केलास तू? मला तर आठवत नाही बाई.

रेजिमोळ : नव्हता केला. साखरेचं पाणी दिलं.

अम्मच्ची : दिलं म्हणे! घशात ओतलंस. चमचा दातावर आपटला माझ्या.

जिस्ना : आणि डॉक्टर?

रेजिमोळ : दुसऱ्या दिवशी सांगितलं त्यांना.

जिस्ना : मग इथे काय झालं? तोच पेशंट, तीच साखर.

रेजिमोळ : ते घर होतं.

जिस्ना : म्हणजे?

रेजिमोळ : घरात कुणी विचारत नाही, कुणाला विचारून केलंस म्हणून.

जिस्ना : आणि हॉस्पिटलात कुणी विचारलं?

रेजिमोळ : जाऊ दे. पुढचा प्रश्न घे.

जिस्ना : नाही घेत.

अम्मच्ची : सांगून टाक मोळे, पोरी. माझे हात चिकानं भरलेत, मी काही इथून उठत नाही.

रेजिमोळ : डेल्विनच्या वेळची गोष्ट आहे. सहावा महिना होता मला. तेव्हाच्या हॉस्पिटलात एका माणसाला रक्त चढवत होते. थोडंसंच गेलं असेल, त्याला हुडहुडी भरली. कंबर फुटतेय म्हणाला. मी रक्त बंद केलं, नळी बदलून सलाइन लावलं आणि मग डॉक्टरांना फोन केला.

जिस्ना : बरोबर केलंस. पुस्तकात असंच लिहिलंय.

रेजिमोळ : डॉक्टर आले ते ओरडतच. बंद करायला कुणी सांगितलं? डॉक्टर तू का मी? त्या माणसाची बायको, भाऊ, सगळे तिथेच उभे. दुसऱ्या दिवशी मेट्रननी खोलीत बोलावलं. तिथे त्या डॉक्टरांसमोर मला म्हणायला लावलं, यापुढे विचारल्याशिवाय कशाला हात लावणार नाही. मी हळू म्हटलं, तर म्हणाले, ऐकू आलं नाही.

अम्मच्ची : आणि तो माणूस?

रेजिमोळ : वाचला. रक्ताची पिशवी दुसऱ्याच कुणाची होती.

जिस्ना : ईशो! म्हणजे तू थांबवलं नसतंस तर...

रेजिमोळ : तसं कुणी म्हणालं नाही. पिशवीचा विषयच पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही. नोकरी हवी होती.

अम्मच्ची : घरी एका शब्दानं बोलली नाहीस.

रेजिमोळ : बोलले असते तर तुम्ही काय केलं असतंत?

अम्मच्ची : गेले असते त्याच्याकडे. हा कोयता घेऊन.

रेजिमोळ : म्हणूनच नाही बोलले.

जिस्ना : हसू नका दोघी. चेडत्ती, तेव्हापासून तू आधी फोन करतेस?

रेजिमोळ : हात पुढे जातो. मग मी तो मागे घेते आणि फोन करते. आताच्या ठिकाणी डॉक्टर चांगले आहेत, धावत येतात, म्हणून काही बिघडलं नाही. मला वाटायचं, सवय चांगलीच आहे. कुणी बोट तरी दाखवत नाही.

जिस्ना : आणि मी वेडी, आल्यापासून तुझ्याकडून औषधं पाठ करून घेतेय! मला एकदा तरी बोलायचंस.

रेजिमोळ : मला तरी कुठे माहीत होतं? आत्ता तोंडातून निघालं, तेव्हा कळलं.

जिस्ना : असं कर. प्रश्न वाचून झाला की समजायचं, डॉक्टर जेवायला गेलेत.

रेजिमोळ : जेवायला?

जिस्ना : जेवायला. फोन टेबलावर विसरलेत. वॉर्डात तू एकटी.

अम्मच्ची : काय जेवतोय मेला?

जिस्ना : तुझा फणस. म्हणजे लवकर उठत नाही. चल, चेडत्ती. पेशंटला पलंगावरच झटका आला. हातपाय ताठ.

रेजिमोळ : कुशीवर वळवीन. आजूबाजूचं सामान बाजूला. धरून ठेवणार नाही, तोंडात काही घालणार नाही.

जिस्ना : बाळंतीण. खूप रक्त जातंय, पोट मऊ लागतंय.

रेजिमोळ : पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करीन.

जिस्ना : चोळलंस. तरी थांबत नाही.

रेजिमोळ : चोळणं चालूच ठेवीन. लघवी तुंबलीय का बघीन.

जिस्ना : नाही तुंबली. रक्त चालूच आहे. आता?

रेजिमोळ : आता डॉक्टरांना बोलवीन.

जिस्ना : ते जेवतायत.

रेजिमोळ : ताटावरून उठवीन. माझ्या हातात होतं ते करून झालं. पुढचं औषध त्यांनी सांगितल्याशिवाय देता येत नाही.

जिस्ना : हं.

रेजिमोळ : चुकलं?

जिस्ना : नाही चुकलं. उठ, पाणी पी. मग न वाचलेला एक अख्खा पेपर सोडव. मी शेजारी बसणार नाही. अम्मच्ची, तूही मध्ये बोलायचं नाहीस.

अम्मच्ची : मी कशाला बोलतेय? मला आठळ्या सोलायच्यात.

* * *

जिस्ना : तपासला. चांगला सोडवलायस. मागच्या सगळ्या पेपरांपेक्षा चांगला.

रेजिमोळ : पास होण्याइतका?

जिस्ना : त्याच्या थोडासा वर. फार नाही. तीन ठिकाणी जुनी सवय आलीच आहे, बघ.

रेजिमोळ : बघितलं. दमले होते तिथे.

जिस्ना : परवाही दमशील.

रेजिमोळ : हो.

अम्मच्ची : मग काय ते एकदाचं ठरवा. तारीख बदलायची असेल तर सिबीला हाक मारा. तो रबराचं दूध काढून आलाय, त्याचा फोन चालतो तरी.

रेजिमोळ : जिस्ना, काय करू? जाऊ का?

जिस्ना : मला काय विचारतेस?

रेजिमोळ : तुला नाही तर कुणाला विचारू? तू पास झालीयेस. तुला कळतं.

जिस्ना : मला जे कळलं ते मी सांगितलं. पेपर कसा गेला ते सांगितलं, कुठे घसरलीस तेही सांगितलं. आता मी जेवायला चाललेय.

रेजिमोळ : जिस्ना!

जिस्ना : भूक लागलीये मला.

अम्मच्ची : अगं, असं काय करतेस तिला! सांग ना सरळ.

रेजिमोळ : राहू दे, अम्मच्ची. सिबीला हाक मारू नका. तारीख बदलायची नाही. मी जाणार आहे.

* * *

जिस्ना : इकडे! चेडत्ती, इकडे! रस्ता बघून ओलांड. परीक्षेतून एवढ्यात बाहेर? मी आत्ता कुठे चहा सांगितला.

रेजिमोळ : बंद झालं ते. मधेच पडदा कोरा झाला.

जिस्ना : मागच्या वेळी तर शेवटच्या प्रश्नापर्यंत चालवलं होतं ना तुला?

रेजिमोळ : हो. तूच सांगितलंस, कॉम्प्युटरचं पास-नापासचं मत बनलं की ते थांबतं. चांगलं बनलं तरी आणि वाईट बनलं तरी.

जिस्ना : पण तुला काय वाटतंय?

रेजिमोळ : मागच्या वेळी बाहेर आले तेव्हा पास झाल्यासारखंच वाटत होतं. त्यामुळे वाटण्याचं काही सांगू नये मी. पाय तेवढे दुखतायत. बसून बसून पाय दुखले, नवलच आहे.

जिस्ना : आणि ते? डॉक्टरांचं?

रेजिमोळ : प्रश्न कुणाला सांगायचे नसतात. सही घेतलीय.

जिस्ना : प्रश्न नको सांगूस. तुझं सांग.

रेजिमोळ : पहिल्यांदा तो पर्याय दिसला तेव्हा हात गेला तिकडे. मग म्हटलं, आधी बाकीचे वाचू तरी. वाचले. करण्यासारखं होतं एक. तेच निवडलं.

जिस्ना : मग पुढे एकदाही डॉक्टरांना बोलावलं नाहीस?

रेजिमोळ : बोलावलं की. दोनदा. तिथे बोलवायलाच हवं होतं.

जिस्ना : भैया... नाही, चेट्टा! आणखी एक चहा, आणि दोन पळंपोरी. केळ्याची भजी खाशील ना?

रेजिमोळ : चार सांग. सकाळपासून पोटात काही नाही.

* * *

अम्मच्ची : आलीस? दारात का उभी? चपला काढ, आत ये.

रेजिमोळ : जिस्नाचा फोन आला होता, ड्युटी संपता संपता. तिनं तिकडून निकाल बघितला.

अम्मच्ची : आणि?

रेजिमोळ : पास झाले, अम्मच्ची.

अम्मच्ची : नीट बघितलं ना तिनं? नाव बरोबर होतं?

रेजिमोळ : दोनदा वाचून दाखवलं. मग मी पण बघितलं.

अम्मच्ची : ईशोची कृपा. सिबीला सांगितलंस?

रेजिमोळ : अजून नाही. तो बागेत आहे.

अम्मच्ची : कधी जायचं मग?

रेजिमोळ : लगेच नाही. कागदपत्रं आहेत, व्हिसा आहे. सहा-आठ महिने तरी जातील. मग जमलं की सिबी आणि डेल्विन. आणि तुम्ही.

अम्मच्ची : मी कुठली येतेय त्या थंडीत. पोरगी गेली, आता तू. मला रोज इन्शुलिन कोण टोचणार, सिबी? सुई बघून भोवळ येते त्याला.

रेजिमोळ : तुमचं तुम्हीच घ्यायचं. शिकवते मी.

अम्मच्ची : या वयात?

रेजिमोळ : वॉर्डात तुमच्याहून म्हाताऱ्या बायका शिकल्यात.

अम्मच्ची : मला जमेल असं वाटतं तुला? खरं सांग. मन राखायला सांगू नकोस.

रेजिमोळ : हात थोडा कापतो तुमचा. डोळे चांगले आहेत. आठवडाभर मी शेजारी बसेन, मग सांगेन.

अम्मच्ची : बरं. दिवा लाव मोठा. आजचं मीच टोचते, तू नुसती बघ.