कूलरसमोरची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य डॉ. चंद्रभान भुयार सर; प्रमुख पाहुणे, अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीतले ज्येष्ठ कारखानदार खुशालराव देशमुख; ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो ते आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रमुख प्रा. सुगत सिरसाट सर; समोर पहिल्या रांगेत बसलेल्या प्रियदर्शनीताई सिरसाट; तेल्हाऱ्याहून आणि चांदूर बाजारहून एवढ्या उन्हात मुद्दाम आलेली मंडळी; माझे सहकारी, आणि परीक्षा संपल्यावरही केवळ सरांसाठी थांबलेल्या विद्यार्थी मित्रांनो. नाश्त्यासाठीही थांबला असाल, त्यात गैर काही नाही.

मी आरती गावंडे, यंत्र विभागात शिकवते. सिरसाट सरांचं काम नेहमी आतलं आणि माझं बाहेरचं. म्हणजे ते जे काही घडवायचे, त्याला अंगरखा मी शिवायचे, पत्र्याचा. त्यामुळे सरांच्या विद्वत्तेबद्दल बोलायला इतर वक्ते आहेत. मला आयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष महोदय, मी ती पाळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

खरं तर मी दुसरंच भाषण लिहून आणलं होतं. त्यात ज्ञानयज्ञ होता, दीपस्तंभ होता, सगळं होतं. पण हॉलमध्ये आल्यावर एक गोष्ट पाहिली आणि ते भाषण पर्समध्येच राहिलं. काय पाहिलं, ते शेवटी सांगते.

ते कोपऱ्यातलं टेबल बघा. हार घातलेली, चार चौकोनी डब्यांची चवड दिसते ना? नवीन मुलांना वाटेल, कोणाचा जेवणाचा डबा राहिला. तो कॉम्प्युटर आहे. साधासुधा नाही, लग्नाचे व्हिडिओ जोडायचे, इमारतींचे नकाशे काढायचे, असल्या जड कामाचा. सरांनी आणि आम्ही तो इथं, याच इमारतीच्या मागच्या लॅबमध्ये बनवला होता. नाव ठेवलं होतं 'उतरंड'. खाली वीजपुरवठ्याचा डबा, त्यावर मुख्य बोर्डाचा, त्यावर चित्रांच्या कार्डाचा, आणि सगळ्यात वर साठवणीचा. एकावर एक ठेवायचे, दाबायचे, खट् आवाज आला की सुरू.

कशासाठी हा उपद्व्याप? तर तेल्हाऱ्याच्या स्टुडिओवाल्याचं मशीन बिघडलं की तो अख्खं धूड पोत्यात बांधून एसटीनं अकोल्याला न्यायचा. ऐन लग्नसराईत चार-चार दिवस काम बंद. सर म्हणायचे, "पोट दुखते तर मानूस दवाखान्यात जाते, घर उचलून नेत नाई." बिघडला तेवढाच डबा काढावा, पिशवीत घालावा, पाठवावा. बाकीची उतरंड घरीच.

बोलायला सोपं आहे हो. करायला घेतलं तेव्हा कळलं. छोटं करायचं म्हटलं की पंखे छोटे होतात, आणि छोटा पंखा तेवढीच हवा द्यायला दुप्पट बोंबलतो. पहिला नमुना सरांनी घरी नेऊन चालवला, तर शेजारच्या काकूंनी प्रियदर्शनीताईंना विचारलं, "काहून जी, गिरनी टाकली का?" ताई हसताहेत, म्हणजे खरं आहे. मग खालच्या डब्याची गरमी वरच्या डब्यात चढायची. चित्रांचं कार्ड बनवणारे दरवर्षी त्याची लांबी बदलायचे, म्हणजे माझा अंगरखा आखूड. कापसाच्या दिवसांत हवेत उडणारी रुई जाळीवर अशी बसायची, की जाळी स्क्रू न काढता निघालीच पाहिजे, नाहीतर कोणी साफ करणार नाही. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे दोन डब्यांमधला सांधा. एका डब्यातून दुसऱ्यात वीज आणि माहिती जायची ती त्या सांध्यातल्या बारीक पट्ट्यांमधून. सांधा घट्ट केला तर माणसाला निघत नाही, सैल केला तर मशीन मध्येच मान टाकते. त्या एका सांध्यावर सरांनी किती उन्हाळे घालवले, ते ताईंनाच विचारा.

पण जमलं. या हॉलमध्ये, तेव्हाच्या प्राचार्यांसमोर सरांनी चालू उतरंडीचा वरचा डबा बदलून दाखवला तेव्हा टाळ्या थांबेनात. आणि इथं मी खुशालरावांचं नाव आदरानं घेते. त्यांचा कारखाना कूलरच्या बॉड्या बनवणारा. तरी त्यांनी आमच्यासाठी साचा केला, पत्रा दिला, माणसं दिली, आणि दहा-बारा उतरंडी बाहेर पडल्या. तेल्हाऱ्याला गेल्या, अकोटला गेल्या, चांदूर बाजारला गेल्या. हिवाळाभर कौतुकाचे फोन. बाप्पा, काय दिवस होते ते!

मग एप्रिल आला.

एकेक मशीन बंद पडायला लागलं. लग्नसराई ऐन भरात, आणि स्टुडिओवाल्यांचे फोन: सर, चालता चालता थांबते. सर, डबा काढून परत लावला की चालते, परत थांबते. आम्ही इथं लॅबमध्ये तपासायचो, तर ठणठणीत. तुम्ही म्हणाल, गरमीनं झालं असेल. नाही. गरमीचा सगळा विचार केला होता. कूलरच्या हवेचाही केला होता. लॅबमध्ये कूलरसमोर महिनाभर चालवून पाहिलं होतं. काहीच सापडेना. सरांची झोप उडाली. शेवटी मी आणि सर तेल्हाऱ्याला गेलो, गोपालभाऊंकडे. गोपालभाऊ, ते काय तिथं उभे आहेत दाराशी. बसा ना भाऊ, खुर्ची आहे.

गोपालभाऊंचा स्टुडिओ म्हणजे पुढची एकच खोली, आणि त्यात एकच कूलर. बाहेर जाळ. आपल्याकडे पाहुणा आला की काय करतात? पाणी विचारतात त्याच्याही आधी त्याला कूलरसमोर बसवतात. घरातलं म्हातारं माणूससुद्धा उठून जागा देतं. तसं सरांना बसवलं. चहा आला. सरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मग चष्मा हातात धरून ते काचेकडे बघतच राहिले. काचेवर पांढरे बारीक ठिपके होते.

सरांनी विचारलं, "गोपाल, मी बसलो या जागी पह्यले काय होतं?"

गोपालभाऊ म्हणाले, "तुमचीच मशीन होती ना सर! तुमी आले म्हनून बाजूले केली. तिले मी हितंच ठेवतो. एवढ्या मोठ्या कालेजातून आली, पाहुनीच आहे ते."

तेल्हारा खारपाणपट्ट्यात आहे, हे मी वऱ्हाडी माणसांना सांगायला नको. जमिनीतलं पाणी मिठाचं. तेच कूलरमध्ये भरायचं. कूलरच्या गवताच्या ताट्या जुन्या झाल्या की हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार उडतात, वाळतात, आणि मीठ मागे राहतं. चष्म्यावर बसलं तेच कूलर लागल्यापासून रोज त्या सांध्यातल्या पट्ट्यांवर बसत होतं. आमच्या लॅबमधल्या कूलरमध्ये मात्र धरणाचं गोडं पाणी, नळाचं. परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले, "मॅडम, मी त्याच पान्यावर वाढलो. माह्या आईच्या हंड्याले ते पांढरं मी लहानपनी राखेनं घासलं. अन् मलेच नाई सुचलं."

चांदूर बाजारची मंडळी म्हणतील, आमच्याकडे कुठं खारं पाणी? तुमची यंत्रं शेवटपर्यंत चालली, हे खरं आहे. पण तोवर बोभाटा झाला होता.

खुशालराव, आता जे सांगते त्याचा राग मानू नका. तुम्ही वाईट सुचवलं नव्हतं, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. किंबहुना मी तेच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सर, माहितीपत्रकात एक ओळ टाका. मशीन कूलरसमोर ठेवू नये. अन् जे बिघडले ते वापरनाऱ्याच्या चुकीनं बिघडले, असा अहवाल द्या. पुढचा माल मी काढतो."

सर म्हणाले, "एक खोली, एक कूलर. ठेवाव कुठं त्यानं?"

"ते त्याचं तो पाहीन जी."

"अन् अहवालात काय लिहू? का गोपालनं मशीनीले पाहुन्याचा मान देला म्हनून मशीन मेली? खुशालराव, ज्या गावात यंत्र जाते, त्या गावचा मान त्याले सोसता आला पाहिजे. नाई सोसला, तर चूक यंत्राची."

आणि त्यांनी अहवालात लिहिलं, दोष रचनेत आहे. खाली सही केली. सगळी यंत्रं परत मागवली. आम्हाला बजावलं, कूलरचं कारण गोपालच्या कानावर जाता कामा नये. तो मनाला लावून घेईल. दोष रचनेत म्हटल्यावर प्रकल्प बंद झाला. कारखान्याला नवीन साचा परवडणारा नव्हता. खुशालराव त्यांच्या कूलरकडे वळले, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

सर मात्र थांबले नाहीत. सांधा पूर्ण बंद करावा तर गरमी कोंडते, उघडा ठेवावा तर मीठ शिरतं. हा तिढा त्यांनी एकट्यानं बसून सोडवला. पट्ट्या हवेच्या वाटेतून काढून मागच्या बाजूला रबराच्या बंद खोबणीत नेल्या. ड्रॉइंग मी काढलं. मी यंत्र विभागाची बाई, मला कोणाचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. पण ते ड्रॉइंग पूर्ण झालं तेव्हा मी पेन्सिल ठेवून नुसती बघत बसले होते. ते यंत्र कधी झालं नाही. ज्या-ज्या दारात गेलो तिथं तो जुना अहवाल आमच्या आधी पोचलेला असे. होईल असंही मी आज म्हणत नाही. निरोपाच्या भाषणात गोड खोटं बोलायची आपल्याकडे रीत आहे, पण सरांसमोर मला ते जमत नाही. आता बाजारात लहान-लहान कॉम्प्युटर मिळतात, सुबक, गुळगुळीत. ते उघडतच नाहीत. बिघडले की फेका. सर ते हातात घेतात, उलटे करून स्क्रू शोधतात, आणि ठेवून देतात.

सर, मी तुमच्याशी तेव्हा भांडले होते. आजही भांडते. एक ओळ लिहिली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? गोपालभाऊंना दोन दिवस वाईट वाटलं असतं, तिसऱ्या दिवशी त्यांनीच मशीन दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं असतं. पुढची उतरंड तुमच्या हातून झाली असती, आणि आज त्या टेबलावर हार घातलेलं जुनं यंत्र नसतं, चालतं नवीन यंत्र असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, सर. तुम्हाला किती वाटतं, ते तुम्ही कधी दाखवलं नाही.

आता, मी काय पाहिलं ते सांगते. आज सकाळी मुलांनी ती शेवटची उतरंड टेबलावर मांडली. या हॉलमध्ये कूलर दोन, त्यातला एक बंद. दुसरा मंचाकडे तोंड करून लावला होता. गोपालभाऊ आले, त्यांनी उतरंडीला हार घातला, हात जोडले, आणि कूलर ओढत नेऊन त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. म्हणून आम्ही मंचावरचे सगळे मघापासून घामानं निथळतोय, आणि यंत्र गार हवा खातंय. अध्यक्ष महोदयांचा रुमाल ओला झाला. सरांनी ते पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. सर हसले, आणि त्यांनी गोपालभाऊंना जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला.

तिथंच माझं लिहिलेलं भाषण संपलं.

समारोप करते. संस्थेचे आभार, खुशालरावांचे आभार, त्यांनी पत्रा दिला नसता तर एकही उतरंड झाली नसती. प्रियदर्शनीताई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? गिरणीचा आवाज तुम्ही ऐकलात. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर ते श्रोत्यांनी पोटात घालावं. पण सर, जे कोणाला सांगायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, ते मी भर सभेत, गोपालभाऊंच्या तोंडावर सांगितलं. त्याची माफी मात्र मी मागत नाही. तुम्ही त्यांच्यासाठी काय सोडलंत, ते गोपालभाऊंना ठाऊक असायला हवं.

भाऊ, रडू नका. ऐका. एक काम करा. तो कूलर फिरवा, इकडे, मंचाकडे. उद्यापासून सिरसाट सर या कॉलेजात पाहुणे आहेत.