वासराच्या आधी

अंजना : बास आत्या, सगळा चीक काढू नकोस. वासराला राहू दे.

ठकूबाई : वासरू पिऊन झोपलं बी. त्याला पाजल्याबिगर म्या आचळाला हात लावत न्हाई. परवा तुझ्या आईचं तेरावं झालं आन आज गाय व्याली. खरवस लई आवडायचा गं वहिनीला.

अंजना : वासराला हा पहिला चीक पाजला नाही तर काय होतं?

ठकूबाई : पुण्याला ऱ्हाऊन इसरली का? हागवण लागती. मरतंय. जगलं तरी रोगाट ऱ्हातं. समदी ताकद चिकातच असती.

अंजना : आणि सुदर्शनदादा झाला तेव्हा? आईच्या बाळंतपणाला तूच होतीस ना?

ठकूबाई : ती चरवी धर. सांडंल.

अंजना : धरली. आईचा चीक कुठं गेला?

ठकूबाई : दोन बुकं वाचली की आत्याची झडती व्हय?... जास्वंदीच्या बुडाला गेला. तीन दिस पिळाया लावला. पिवळं दूध पोराला बाधतं, आमची आई म्हनायची. पयला नातू! सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला. कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पानी. चवथ्या दिशी छातीला लावला, तर पोरगं वढंना. मंग बाटली. निम्मं दूध, निम्मं पानी.

अंजना : तो पोटात असताना आईला काय खायला होतं?

ठकूबाई : येका टायमाला येक भाकर. पोर मोठं झालं तर बाळंतपन अडतं, म्हनायचे.

अंजना : म्हणजे आधीपासूनच उपाशी.

ठकूबाई : उपाशी कसला? लई लाडाचा व्हता.

अंजना : हो. लाडाचाच होता.

ठकूबाई : त्याच्यानं झालं का गं हे? दरसाल छाती भरती त्याची. चौथीतच शाळा सुटली.

अंजना : एवढ्यानंच झालं, असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. पण आजाराशी लढायचं बळ बाळ आईच्या पहिल्या दुधातून घेतं. आणि पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत जे मिळतं, त्यावर डोकं घडतं.

ठकूबाई : मंग तू कशी धडधाकट?

अंजना : मला कुणी मध चाटवला?

ठकूबाई : तुझ्या टायमाला कोन बसलंय! पोरगी झाली म्हनल्यावर आमची आई कांदं काढाया रानात गेली. तिच्यामागं मीबी. वहिनी येकलीच व्हती खोलीत.

अंजना : मी रडले असेन. तिनं उचलून छातीशी घेतलं असेल.

ठकूबाई : घेतलं आसंल.

अंजना : आत्या, नारायणगावच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशीही ती तेच म्हणाली. ‘माझ्या दुधात जोर नव्हता, म्हणून माझा सुदा असा.’ चाळीस वर्षं हेच. दादालाही पाठ झालंय.

ठकूबाई : जोर नव्हता? पोलकं भिजायचं तिचं. पिळताना रडायची.

अंजना : तिला कधी सांगितलंस, की चूक तिची नव्हती?

ठकूबाई : माझी सून बाळंत झाली तवा नर्सबाई माझ्यावर वरडली. तवा कळलं मला. वीस वर्सं झाली. दर दिवाळीला वाटायचं, आवंदा वहिनीला सांगू.

अंजना : तिचं राहिलं. दादाला तरी सांग.

ठकूबाई : त्याला कळंल?

अंजना : कळेल तेवढं कळेल. आलाच बघ तो.

सुदर्शन : आत्या, खरवस करायचा? आईची वाटी काढू?

ठकूबाई : काढ बाळा. आधी हितं बस. आईचं दूध कमी व्हतं म्हनतोस ना तू?

सुदर्शन : कमी व्हतं. म्हनून मी असा.

ठकूबाई : न्हाई रं. लई व्हतं. म्याच तुला पिऊ दिलं न्हाई. म्याच टाकाया लावलं.

सुदर्शन : टाकलं?

ठकूबाई : व्हय.

सुदर्शन : आई रागावली?

ठकूबाई : न्हाई. रडली.

सुदर्शन : आत्या... ह्या वासराचं तरी पोट भरलं ना आधी?