मोर्शीत रंगलेला पाईप

तंबाखू ओढायचे जुने पाईप जमवतो म्हणून तुम्ही मला हसता ना, मग माझी एकदा कशी जिरली तेही ऐका.

मागच्या वर्षी मीरशॉमचा एक जुना पाईप हाती लागला. मीरशॉम म्हणजे पांढराशुभ्र, हलका दगड. त्यावर दाढीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा कोरलेला. पण तो कोणी कधी ओढलेलाच नव्हता. असा पाईप वापरून वापरून मधासारखा तांबूस झाला, की शौकीन त्याच्यासाठी जीव टाकतात. आणि मला तर तंबाखूचा वासही सोसत नाही.

माझे सासरे मोर्शीला संत्र्याची बाग सांभाळतात आणि दिवसभर बिडी ओढतात. मी पाईप त्यांच्याच हाती दिला. "मामाजी, एवढा रंगवून द्या."

"त्यात काय, जवाईबापू! देतो रंगवून."

हे कळल्यावर बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

वर्षाने मोर्शीला गेलो. मामाजी बागेत बाजेवर बसून पाईप ओढत होते. पाईपवरच्या म्हाताऱ्याची दाढी अशी सुरेख तांबूस झाली होती, की मला राहवेना. मी हात पुढे केला.

"काहून?" मामाजींनी विचारलं.

"माझा पाईप न्यायला आलो."

"तुमचा तं पांढरा होता. हा काय पांढरा हाय?"

मी अमरावतीतला वकील. मालकीचाच मुद्दा काढला, "पण मामाजी, विकत तर मीच घेतला ना?"

मामाजींनी शांतपणे धूर सोडला. "अन् वर्षभर खोकलला कोन?"